वरून ओतलेलं पाणी

"ख्रिस्ती व्हयनी म्हनीसन जात धुवाई गई का? ओंजय धर!"

चोपड्याजवळच्या केळीच्या बागेत मजुरी करताना आमचा घरून आणलेला हंडा संपला, म्हणून मी पाणी मागितलं होतं. मी ओंजळ धरली, मालकिणीने तांब्या माझ्या डोक्यावर उंच धरला. अर्धं पाणी तोंडात, अर्धं पदरावर. बाईच्या देव्हाऱ्यात गंगाजल, अंगात नखभर माणुसकी नाही. शिसारी आली मला तिची. तरी प्यायले. तहान होती.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. त्या रविवारी आमच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात पाळकांनी पश्चात्तापासाठी उभं राहायला सांगितलं. कुणी तंबाखू सोडली, कुणी सासूशी भांडल्याचं कबूल केलं. सगळी स्वस्तातली पापं. मी उठले ती मालकिणीचं पाप सांगायला. दुसऱ्याचं पाप सांगायला जीभ कशी शिवशिवते!

दाराशी साखरी बसली होती. सातपुड्यातून मजुरीला उतरलेली पावरा आदिवासी बाई, आमच्याबरोबर त्याच बागेत केळीचे घड वाहणारी. आम्ही वस्तीतल्या बाया तिला आमच्या हंड्याला हात लावू देत नव्हतो. ती पाणी मागायची, मी वरून ओतायचे. तांब्या किती उंच धरायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मालकिणीचं बघून आपोआप जमलं होतं. थू माझ्यावर!

मालकिणीचं नाव तोंडातच राहिलं.

"साखरी, मी तुले वरतून पानी पाजं. मी पापी शे. माले माफ कर."

मी रडत होते. सगळ्यांना वाटलं, ती गळ्यात पडेल.

"माले याद शे," ती म्हणाली. एवढंच.

बरं केलं. फुकटची माफी घेऊन मी होते तशीच राहिले असते.

सोमवारी हंड्यातला तांब्या भरून साखरीच्या हातात दिला. ती तोंड लावून प्यायली. तिचं उरलेलं मी प्यायले. हंडा बाटला म्हणून बायांनी तो उपडा केला. त्यात रविवारी डोळे पुसणाऱ्याही होत्या. मला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला त्याला दोन वर्षं झाली होती, पण ख्रिस्ती मी त्या दिवशी झाले.

दुपारी पाणी मागितलं तेव्हा मालकीण तांब्या उंचावत आली. मी हात मागे घेतले.

"भांडं हातमा द्या. पहिले साखरीले."

"सकायपाईन कामले येऊ नको."

दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. त्यानंतर कुणापुढे ओंजळ धरली नाही, कुणाला धरायला लावली नाही. तहानेने जीव गेला तरी धरणार नाही.