आत्यांना कीड दाखवली तेव्हा

माझ्या मुलाचा पहिला दात मला दिसला नाही, लागला. दूध पिता पिता त्याने असा काही चावा घेतला की मी ओरडायचं सोडून हसतच सुटले. ओठ हळूच खाली ओढून पाहिलं, तर खालच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक. भाटघरहून भोरला कामावर जाताना टमटममध्ये शेजारी बसलेल्या बाईला, समोरच्या बाईला, सगळ्यांना मी ते सांगितलं. उतरेपर्यंत मी नुसती हवेत होते. मग त्याच्या बहिणीचे दात आठवले.

मुलगी माझी जेमतेम साडेतीन वर्षांची, आणि पुढचे वरचे दात काळे पडून झिजलेले. ती तोंडावर हात ठेवून हसायची. त्याच आठवड्यात भोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे दोन दात काढले होते. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन तिला झोपवायची आमच्या घरची सवय बाईंनी तिथल्या तिथे बंद करायला लावली. मग त्यांनी विचारलं, घरात कुणी घास चावून भरवतं का? बाळ जन्मतं तेव्हा दात किडवणारे जंतू त्याच्या तोंडात नसतात म्हणे. ते बहुतेक वेळा घरच्यांच्याच लाळेतून येतात, आणि गोड मिळालं की त्यापासून आम्ल तयार करून दात पोखरतात. मी कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. रोज मायक्रोस्कोप पुसते, पण ही गोष्ट मला कधी सुचली नव्हती. मी खुर्चीतून उठलेच. म्हणजे मुलीचं झालं ते झालं, पण मुलाचं अजून थांबवता येत होतं!

घास चावून भरवायच्या त्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचं माहेर वरंध्याकडे, हिर्डोशीच्या अंगाला. तिकडे नाचणीची भाकरी, आणि ती गार झाली की चामड्यासारखी. बायका भातलावणीला गेल्या की घरची म्हातारी तीच भाकरी चावून मऊ करायची आणि पोरांच्या तोंडात घालायची. आत्या तशाच वाढल्या, माझा नवरा तसाच वाढला, मुलगीही तशीच. आता मुलाचं वरचं खाणं सुरू झालं होतं आणि मी कामावर असताना तो दिवसभर आत्यांकडे असायचा. त्याचे दात वाचवायचे तर आत्यांनी ऐकायला हवं होतं, आणि आत्या ऐकणाऱ्यातल्या नाहीत.

मी सांगून पाहिलं. त्यांचं म्हणणं, लाळेने घास पचतो, आणि पोरीचे दात किडीने गेले, त्यात त्यांचा काय दोष? कीड म्हणजे त्यांच्या लेखी खरीखुरी अळी. मुलीची दाढ ठणकली तेव्हा त्यांनी रिंगणीच्या काटेरी झुडपाच्या बियांची धुरी दिली होती आणि वाटीतल्या पाण्यात पडलेले पांढरे ठिपके दातातल्या अळ्या म्हणून मला दाखवले होते. ते बियांचेच तुकडे आहेत असं मी म्हणाले, आणि घरात अबोला सुरू झाला. माझं हे असंच होतं. बोलायला लागले की लगाम नसतो. पण या वेळी तोंडावर ताबा ठेवला आणि म्हटलं, आत्या, खरी कीड बघायची असेल तर माझ्या कॉलेजात चला.

त्या लगेच तयार झाल्या. मला खोटं पाडायची संधी त्या कशाला सोडतील?

बाजाराच्या दिवशी, कॉलेजच्या मुलांचं प्रॅक्टिकल संपल्यावर, जीवशास्त्राच्या सरांची परवानगी घेऊन मी त्यांना आत नेलं. त्यांनी देवळात जावं तशा चपला बाहेर काढल्या. मी टूथपिकने त्यांच्या दातांच्या कडेचा थर जरासा खरवडला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात कालवला, वर काच ठेवली आणि आधी स्वतः डोळा लावला. सगळा गोल नुसता वळवळत होता! काड्या सुळकन इकडून तिकडे जात होत्या, मळसूत्रासारखं काहीतरी गिरक्या घेत होतं. दात किडवणारे त्यातले नेमके कोणते, हे मला ओळखता आलं नसतं. पण इतकी वर्षं मी वाळक्या, रंगवलेल्या स्लाइड मांडत आले होते. जिवंत असं काही पाहून मी लहान मुलीसारखी नाचायचीच बाकी होते.

आत्यांना आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं.

"म्या म्हनलं हुतं का न्हाई?" त्या म्हणाल्या. "कीड असती. ही बग, हलतीया."

त्यांचा चेहरा असा उजळला होता की पुढचं बोलायला मला जड गेलं. तरी बोलले. ही त्यांच्याच तोंडातली, आणि चावलेल्या घासाबरोबर हीच बाळाच्या तोंडात जाते.

त्यांनी पदराने तोंड पुसलं. खूप वेळ पुसलं. मग म्हणाल्या, आता तुझ्या तोंडातलं दाखव. मी माझीही स्लाइड केली. तिथेही तसलीच जत्रा भरलेली. आत्यांनी पुन्हा डोळा लावला, मान हलवली, आणि बाहेर जाऊन चपला पायात घातल्या.

संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन त्यांनी भाकरी दुधात भिजवली आणि बोटांनी कुस्करत बसल्या. पार लगदा केला. बाळाने तो थुंकला. पुन्हा दिला, पुन्हा थुंकला. मग त्याने आपली चिमुकली बोटं आत्यांच्या ओठांत घातली आणि आत चाचपायला लागला. त्याचा घास रोज तिथे असायचा. आत्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, आता त्या चावून देणार, आणि मी काही बोलू शकणार नाही.

"न्हाई रं बाळा," त्या म्हणाल्या. "देवाच्या निवदाला आदी तोंड लावत न्हाई आमी. मग तुज्याच घासाला कसं लावत आले?"

त्यांनी पुन्हा बोटावर लगदा घेतला. बाळाने त्यांच्याकडे पाहिलं, जरा थांबला, आणि गिळला. मी जवळजवळ टाळीच वाजवली. आता वरून चमचाभर दूध द्यावं म्हणून मी पातेल्यातून चमचा भरला आणि फार गरम तर नाही ना, हे बघायला माझ्या ओठांना लावून पाहिला. तोच चमचा बाळाकडे नेणार, तेवढ्यात आत्यांनी माझं मनगट धरलं.

"त्यो चमचा धुवून आन," त्या म्हणाल्या.