उलटा बसलेला ट्रान्झिस्टर

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. मोटारसायकलवरून पडून त्यांचा पाय मोडला, तेव्हा मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते. गावी निरगुडसरला कांद्याची काढणी चालू, घरचे सगळे रानात आणि दादा प्लॅस्टर घालून खाटेवर. पडून पडून ते लई चिडचिडे झालेत, असं आई फोनवर म्हणाली. म्हणून मी त्यांच्यासाठी एफएम रेडिओचं किट नेलं. सुटे भाग, एक बोर्ड आणि कुठं काय बसवायचं त्याचं चित्र. भाग बोर्डाला कथलाचे टाके घालून कसे जोडायचे ते दाखवलं आणि माझी सोल्डरिंगची हत्यारंही ठेवून आले.

पुढच्या शनिवारी गेले तर रेडिओ जोडून तयार, पण मुका. दुकानदारानं किटच खराब दिलं, असं दादांचं म्हणणं.

मी बोर्ड दारातल्या उजेडात धरला. ट्रान्झिस्टर म्हणतात त्या तीन पायांच्या बारक्या भागाची सपाट बाजू चित्राच्या उलट होती. एक कपॅसिटरही उलटा. त्याच्या अंगावरची मायनसची पट्टी प्लसच्या बाजूला. दाखवलं तसा दादांचा चेहरा उतरला. मी सोल्डरिंग गन तापवून ते दोन्ही भाग काढायला बसले.

"आण इकडं," ते म्हणाले. "मी बसवलंय, मीच काढतो."

मग मी नुसती सांगत राहिले. आधी टाका तापवायचा, वितळला की छोट्या पंपानं ओढून घ्यायचा, जोर लावायचा नाही. कपॅसिटर सहज निघाला. तो बिघडला असेल म्हणून मी माझ्याकडचा नवा दिला. ट्रान्झिस्टर काढताना मात्र बोर्डावरची तांब्याची बारीक चकती उचकटून आली. दादांनी हात मागे घेतला.

"गेलं का गं सगळं?"

"नाय दादा. तिथं वायरचा तुकडा जोडू. कॉलेजात आमचं असं रोज होतं."

दोन्ही भाग सरळ बसले, वायर जोडली. सेल टाकल्यावर आधी खरखर आली, मग एका बाईचा स्पष्ट आवाज. रानातून आलेली आई हात न धुताच ऐकत उभी राहिली. दादांनी थोडा वेळ ऐकलं आणि बटण बंद केलं.

"असलं दुसरं काय मिळतं का?"

प्लॅस्टर निघेपर्यंत मी दर शनिवारी काही ना काही नेत गेले. काही बिघडलं की आम्ही दोघं एकाच बोर्डावर डोकी वाकवून चूक शोधायचो. तोवर आमचं बोलणं फी आणि एसटीच्या वेळांपलीकडे फारसं गेलं नव्हतं. आता मी नोकरी करते त्या कंपनीत बोर्डावर भाग बसवायला मशीन आहे, आणि ते सहसा चुकत नाही. दादांचा पाय बरा झाला, ते पुन्हा रानात जायला लागले. मला मात्र ते शनिवार अजून आठवतात.