भिंतीतली ठिबक नळी

आमच्या सैपाकघरातली भिंत ओली व्हायला लागली, तेव्हा घरातली सगळी माणसं चिडली आणि माझी सासू तेवढी घाबरली. या घरात येऊन मला दुसरं काही आलं नसेल, पण चिडलेलं माणूस कोणतं आणि घाबरलेलं कोणतं, हे बरोबर कळतं. आणि माझ्या सासूला, बायनाबाईंना, घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा. आत्या म्हणजे ठेंगणी, काटक बाई. आमच्या झरी गावात त्यांच्या तोंडाला लागायला कुणी धजत नाही. शेळ्या घ्यायला येणारा व्यापारीसुद्धा आधी मामा घरात आहेत का बघतो, मगच आत पाऊल टाकतो. मी सून म्हणून आले त्या दिवशी आत्या म्हणाल्या, "रोहिणी, भाकर करपली तर करपू दे. पण माज्या दारातून कुणी तहानेलं जायचं न्हाई." मला वाटलं, सासवा बोलतात तसं बोलल्या. बाई खरोखरच तशी होती.

ओल धरलेल्या भिंतीपलीकडं लिंबाजीकाका राहतात. मामांचे सख्खे धाकटे भाऊ. त्यांची बायको केवळाबाई ही आत्यांची सख्खी धाकटी बहीण. दोघी बहिणी एका घरात दिल्या म्हणजे एकमेकींना सांभाळून राहतील, असं त्यांच्या बापानं पाहिलं होतं. भाऊ एकमेकांना सांभाळतील का, हे पाहायचं राहून गेलं.

वाटणी झाली, मधे ही भिंत आली आणि अंगणातला बोर मामांकडं राहिला. मामा म्हणाले होते, पाणी दोघांनी वापरू. पण लिंबाजीकाकांची मान ताठ. मारुतीच्या पारावर चार माणसांत ते म्हणाले, "भावाचं पाणी म्हंजी भीक. मी तहानेनं मरंन, पण ते पिणार न्हाई." मामाही त्याच आईचे. त्यांनी तिथंच मारुतीकडं हात करून शपथ घेतली, "माज्या बोरचा एक थेंब ह्याच्या घरात गेला, तर मी माज्या घरचं पाणी पिणार न्हाई. शेतात आखाड्यावरच्या खोपटात जाऊन राहीन."

आता कुणी म्हणेल, रागाच्या भरात माणूस काहीही बोलतं. पण मामांचं तसं नाही. एका लग्नात व्याह्यांनी चहावरून मान ठेवला नाही म्हणून त्यांनी चहा सोडला, तो आजतागायत सोडलेला आहे. शपथ मोडली असती तर मामा घोंगडी उचलून शेतातल्या आखाड्यावर गेलेच असते आणि परत आले नसते. आत्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

तरी त्यांनी भिंतीतून नळी घातली.

केवळाआत्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं. गावच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी. हातपंप पार वेशीजवळ. लिंबाजीकाका पहाटे शेतात जायचे. मग धान्याच्या कोठीमागं, जिथं कुणी वाकून बघत नाही, तिथं आत्यांनी आमच्या टाकीच्या लाइनला ठिबकची काळी नळी जोडली आणि भिंतीतून पलीकडं काढली. मामा बाहेर पडले की आत्या बत्ता घेऊन भिंतीवर ठोकायच्या. पलीकडं केवळाआत्या नळी उघडून घागरी भरून घ्यायच्या. लिंबाजीकाकांना वाटायचं, नळाचं साठवलेलं पाणी आहे. पुरुषांना घागर भरलेली दिसते, ती कुणी भरली ते दिसत नाही. मी कोठीमागं झाडताना नळी पाहिली. आत्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं, आणि मीही त्यात सामील झाले.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग उंदरांनी नळी कुरतडली. आत्यांनी माझ्या नवऱ्याच्या, भागवतच्या, हळदीच्या पिकासाठी आणलेल्या नव्या गुंडाळीतला एक तुकडा कापून घातला. पहिली नळी साधी होती. ह्या नव्या नळीला हातहातभर अंतरावर थेंब गाळायची भोकं होती, ती फार बारीक असतात म्हणून त्यांना दिसली नाहीत. नळी भिंतीत बसली आणि तिचं काम करायला लागली. हळदीला पाजावं तसं तिनं मातीत रचलेल्या त्या भिंतीला पाजलं.

पोपडे सुटले. खालची काळी माती फुगली आणि भिंतीला कोपऱ्यातून वर चीर गेली. मामांनी ठरवूनच टाकलं की ओल लिंबाजीकाकांच्या न्हाणीतून येते. पलीकडून काका शेळीला उद्देशून ओरडायचे, "बघ गं, मोठ्या घरच्यांनी भित पाडायचा डाव मांडलाय!" इकडून मामा आमच्या बैलाला उत्तर द्यायचे. मुकी जनावरं बिचारी ऐकून घ्यायची.

मामांनी आधी आमच्या न्हाणीची फरशी उखडली. तिथं कोरडं निघालं. मग मोरीचा पाईप उघडा केला, तोही कोरडा. आत्या दर खेपेला नवी जागा सुचवायच्या आणि पहार कोठीपासून लांब न्यायच्या. पण जागा संपत आल्या होत्या. रात्री त्या मला म्हणाल्या, "नळी ओढून काढावी म्हणलं तर भितीत गच्च बसलीय गं. तुटली तर निम्मी आतच ऱ्हाईल." मला त्यांचा फार कळवळा आला.

दुसऱ्या दिवशी आत्या गिरणीवर गेल्या होत्या. भागवत छतावरून उतरला, हातात कपड्यांच्या निळीची रिकामी बाटली.

"टाकीत ओतली," तो खुशीत म्हणाला. "भितीला निळं उतरलं तर आपलं गळायलंय. न्हाई उतरलं तर काकाचं."

पलीकडं केवळाआत्या पाणी भरतील ते निळं भरतील. सांगायचं कसं? मामा दारातच बसलेले. बत्ता उचलावा तर बत्त्याची खूण म्हणजे 'भरून घे', 'भरू नको' अशी खूण आम्ही ठरवलीच नव्हती. मी तशीच पीठ मळत राहिले. पिठात पाणी किती पडलं ते कळलं नाही.

तेवढ्यात मामा उठले. भिंत आतून पोकळ कुठं झाली ते बघावं म्हणून त्यांनी पहार उलटी धरली आणि बरोबर कोठीजवळ भिंतीवर ठोकलं. ठक, ठक.

कोठीमागं पाणी वाहायला लागल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मामांच्या कानाला दडे बसलेले, त्यांना नाही आला. खूण केली ती खुद्द मामांनीच.

थोड्या वेळानं पोपड्यांवर निळा डाग उतरला. "आपलंच हाय," भागवत म्हणाला. मामा कोठीकडं वळले, दोघांनी मिळून ती सरकवायला हात लावला, आणि तेव्हाच शेतातून परतलेले लिंबाजीकाका आमच्या उंबऱ्यात उभे राहिले. भिंत झाल्यापासून पहिल्यांदा. हातात तांब्या, तांब्यात निळं पाणी, आणि अंग रागानं कापत होतं.

"इख कालवलं का आमच्या पाण्यात? भित पडंना म्हणून माणसं मारायलाव का?"

मामांनी तांब्याकडं पाहिलं. मग भिंतीकडं पाहिलं. तोवर कोठी बाजूला झाली होती आणि काळी नळी सगळ्यांसमोर होती. मामांनी पहार उचलून धरली. भागवत मधे सरकला. मी पिठाच्या हातांनी उभी राहिले.

आत्या पिठाचा डबा डोक्यावर घेऊन आल्या त्या ह्यात. त्यांनी एकदा सगळीकडं नजर फिरवली. डबा खाली ठेवला, काकांच्या हातातला तांब्या घेतला आणि घटाघट अर्धा पिऊन टाकला.

"इख न्हाई भावजी, नीळ हाय," निळ्या ओठांनी त्या म्हणाल्या. "मी पाजायलेय तुमाला. माजी भईन घागर उचलायली असती तर मेली असती. मरू देऊ का? तुमच्या दोघांच्या शपथांसाठी?"

कितीतरी दिवस लिंबाजीकाका भिकेचं पाणी पीत होते आणि त्यांना गोड लागत होतं. ते तसेच माघारी गेले.

मामांनी पहार भिंतीला टेकवली. आत्यांकडं बघितलंही नाही. खुंटीवरची घोंगडी काढली, खांद्यावर टाकली. आत्या म्हणाल्या, "भाकर तरी खाऊन जावा." मामा ओसरीवर बसले, भाकर खाल्ली, तांब्याला हात लावला नाही. कोरडा घास त्यांच्या घशात अडकला, ठसका लागला, डोळे भरून आले, तरी नाही. आत्या खांबाला धरून उभ्या होत्या. एवढी तिखट बाई, पण तिला रडताही येईना.

मामा चपला घालत होते तेव्हा लिंबाजीकाका परत आले. खांद्यावर घागर होती.

"दादा, शपथ तुज्या घरच्या पाण्याची हाय न्हवं?" ते खाली बघत म्हणाले. "हे माज्या घरचं हाय."

मग मामा तिथंच उकिडवे बसले आणि त्यांनी ओंजळ पुढं केली. काकांनी घागर वाकवली. पाणी अजून निळसर होतं. मामा पीत राहिले, ओंजळीतून मनगटावर ओघळ येत राहिले.

घोंगडी परत खुंटीवर गेली. भागवतनं भिंतीतली नळी काढून साधा पाईप टाकला आणि चीर लिंपली. पण मामांची शपथ ती शपथ. आमच्या घरचं पाणी ते आजही पीत नाहीत. आमच्या बोरचं पाणी भिंतीतून पलीकडं जातं, तिथं घागरीत भरतं, आणि रोज संध्याकाळी लिंबाजीकाका ती घागर खांद्यावर घेऊन आमच्या दारातून आत येतात.