रद्दीत निघालेली उपग्रहाची कादंबरी

बेंबळीच्या वाचनालयात मी झाडलोट करते. तिथं निवृत्त गुरुजी आणि दवाखान्यातला कंपाउंडर एकाच परदेशी लेखकावरून भांडतात. पाणबुड्या, उपग्रह, क्षेपणास्त्रं यांच्या त्याच्या कादंबऱ्या मराठीत आल्यात. चौथी शिकलेली मीही त्या दुपारी गुपचूप वाचते. मी समुद्र पाहिलेला नाही, पण त्या लेखकानं मला समुद्राच्या तळाशी नेलं.

परवा कपाट भरलं म्हणून गुरुजी म्हणाले, “ही उपग्रहाची सगळ्यात भिकार. नुसती यंत्रं, माणूस कुठंय? बाई, रद्दीत टाका.”

“व्हय, झोप मातर लई भारी लागती तिनं,” कंपाउंडर हसला.

माझी सगळ्यात आवडती तीच. धीर करून बोलले, “गुरुजी, माणूस हाय त्यात. नवरा वर अंतराळात अडकलाय. तो डोक्यावरून जायच्या मिनिटाला बायको रोज अंगणात बॅटरी वर धरून उभी राहती. त्याला दिसणार न्हाय, हे तिला ठाव असतं.”

गुरुजींनी मला ते पान शोधून द्यायला लावलं आणि मोठ्यानं वाचलं. मनातल्या मनात वाचलेले शब्द दुसऱ्याच्या आवाजात ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

“यंत्रांच्या नादात हे पान मीच गाळलं होतं की,” गुरुजी म्हणाले, आणि कादंबरी घरी वाचायला घेऊन गेले.