कुणाची गोळी भारी

फिजिओथेरपीच्या दवाखान्याबाहेर आम्हा खुबेवाल्यांचं एक बाक आहे. तिथे धड बसवत नाही, पटकन उठवत नाही. मग तोंड तेवढं चालू राहतं आणि किस्से साठत जातात. खुब्याची झीज सगळ्यांची सारखीच. वाद एकच, कुणाची गोळी भारी!

*

नलूकाकू पालीहून एसटीने येतात. पहिली पायरी चढताना "आई गं" तोंडातून निघालं, की गोळी नापास! एकदा झोकात आल्या. "आज पास! एका दमात चढले!"

मागाहून कळलं, कंडक्टरने दंडाला धरून वर ओढलं होतं.

*

मी कित्येक महिने गुडघ्याला मलम चोळत होतो. एक्स-रेत दुखणं खुब्याचं निघालं.

काकू म्हणाल्या, "भाऊ, गळतंय कौल, नि तुम्ही पुसताय जमीन!"

*

इब्राहिमचाचा जुने तांडेल. आता होडी मुलगा चालवतो. "हंगाम सुरू झाला की एकदा तरी जाणार. होडीत पाय टाकण्यापुरती गोळी गावू दे," हे रोजचं. पुतण्याने मस्कतहून लालभडक गोळ्या पाठवल्या.

"वहिनी, तुमची ती गोळी म्हणजे चणेफुटाणे गो!"

डॉक्टरांनी पाकीट वाचलं. "चाचा, औषध काकूंचंच आहे. रंग तेवढा वेगळा."

पुढे आठवडाभर काकू त्यांना विचारत होत्या, "काय चाचा, चणे खाल्लेत?"

*

काकू मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. सकाळी स्वतःची गोळी, दुपारी माझ्याकडून मागून घेतलेली. पोटात जाळ उठला तेव्हा डॉक्टरांकडे धावल्या.

डॉक्टर भडकले. "दोन्ही एकत्र घेऊन आराम दुप्पट होत नाही, धोका वाढतो! पोटात स्पर्धा कसल्या लावता?"

*

हंगाम तोंडावर आला. त्या दिवशी चाचा आले, पण बसले नाहीत. भिंतीला धरून नुसते उभे. रक्ताचा रिपोर्ट आला होता. किडनीला त्रास सुरू झालाय, दुखण्यावरच्या या सगळ्या गोळ्या कायमच्या बंद.

"पोरगा परवा होडी काढतोय," ते हळूच म्हणाले. "वहिनी, एक द्या. एकच दिस."

काकूंनी पर्स पोटाशी धरली. "माझीने काय होतंय, चाचा? काडीचा फरक नाही हो!"

चाचा माझ्याकडे वळले.

"माझी तर निव्वळ खडू," मी म्हणालो.

चाचांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"मग रोज खाताय कशाला?"