शेवटच्या पानावरची पेन्सिल

नाशिकहून गोंदियाला उतरले तेव्हा जेमतेम उजाडलं होतं. बालाघाटची गाडी सुटायला अवकाश होता, म्हणून फलाटावर उभ्यानेच पोहे खाल्ले. पुढच्या प्रवासात महाराष्ट्र कुठे संपला ते कळलंच नाही. दोन्हीकडे त्याच धानाच्या बांध्या (भाताची खाचरं), तेच पळस. फक्त स्टेशनांच्या पाट्यांवरून मराठी नाहीशी झाली.

आमच्या कॉलनीत मी एक लहानसं वाचनालय चालवते. शेजारच्या वैशालीच्या काकू, निर्मलाबाई, मध्य प्रदेशात बालाघाटला राहतात. त्यांचे यजमान वर्षापूर्वी गेले. मागे दोन कपाटं मराठी पुस्तकं राहिली. नातवंडं हिंदी वाचणारी, त्यामुळे कोणीतरी ती घेऊन जावीत, असा निरोप आला होता.

पत्त्यात भरवेली रोड होता. ई-रिक्षावाल्याने नुसतं भरवेली ऐकलं आणि मला थेट मँगनीजच्या खाणीच्या वसाहतीत नेऊन सोडलं. पाळी संपवून सायकलींवर परतणाऱ्यांपैकी एकाने पत्ता वाचला. ‘मॅडम, यह तो पीछे छूट गया,’ एवढं सांगून तो निघून गेला. रिक्षावाल्याने रिक्षा वळवली.

काकू फाटकापाशीच उभ्या होत्या. पंचाहत्तरीच्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. चहा देऊन त्यांनी कपाटं उघडी केली आणि चिन्नौरचा (इथला सुवासिक तांदूळ) भात टाकायला आत गेल्या.

पुस्तकं निवडता निवडता लक्षात आलं की प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर एकाच हस्ताक्षरात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं आहे. एका कादंबरीत होतं, ‘परीक्षेत नापास. भिकार पुस्तक, अर्ध्यात सोडलं.’ त्याखाली, बहुधा काही वर्षांनी, ‘नोकरी लागली. एका बैठकीत संपवलं. तेव्हा काय आवडलं नव्हतं, आठवत नाही.’ मी निवडायचं सोडून शेवटची पानंच वाचत बसले.

काकू बाहेर आल्या तेव्हा माझ्या हातात हिरव्या वेष्टनाची एक विनोदी कादंबरी होती.

‘ते नका नेऊ, ताई,’ त्या म्हणाल्या. ‘ते जाळून टाकाचं होतं मले. राहून गेलं.’

का, ते त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. यजमानांची तेव्हा लामता गावी बदली झाली होती. तिथे त्यांची पाच वर्षांची मंजू तापाने गेली. काकू रडून बेजार, आणि यजमान महिनाभर ओसरीवर हेच पुस्तक धरून बसलेले. भेटायला माणसं यायची, तरी मान वर नाही. एक नातेवाईक बाई बोलूनही गेली, की बापाला हसायचं पुस्तक सुचतं.

मी शेवटचं पान उघडलं. आणि क्षणभर वाटलं, पुस्तक मिटून पिशवीत टाकावं. मग ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा आणला आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

‘मंजूनंतर. महिनाभर हातात होतं. एक ओळ वाचली नाही. हे नसतं तर तोंड कुठे लपवलं असतं. पुन्हा उघडणार नाही.’

काकूंनी पुस्तक मिटून ठेवलं. पाटवडीचा रस्सा वाढला, मला आग्रह केला, स्वतः दोन घास खाल्ले. जेवणानंतर म्हणाल्या, एवढ्या दूर आलात तर हट्टा गावची बावडी (पायऱ्यांची विहीर) पाहून घ्या. त्याही सोबत निघाल्या.

बावडी बाहेरून काहीच वाटत नाही. खाली उतरलं की दगडी खांबांचे मजले लागतात आणि ऊन मागे राहतं. गुडघ्यांमुळे काकू वरच्या पायऱ्यांवरच टेकल्या. पाणी पाहून मी परत आले तेव्हा त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या.

‘मले वाटे, या माणसाले काहीच नाही झालं. सारी उमर हेच समजत होती मी. एकदा सांगतलं असतं, त मी बी जाऊन बसली असती जवळ.’

मी त्यांच्या शेजारी टेकले. आम्ही उन्हं कलेपर्यंत तिथे बसलो.

दुसऱ्या दिवशी चार खोकी घेऊन निघाले. हिरवं पुस्तक काकूंनी ठेवून घेतलं.

घरी माझी एक वही आहे. वाचलेल्या पुस्तकांबद्दल मी तीत एका शब्दात निकाल लिहिते. परतल्यावर ती चाळली. एका कादंबरीपुढे ‘रटाळ’ होतं. तारीख पाहिली, तर ते वडिलांच्या आजारपणातले दिवस. कादंबरीतलं काहीही आठवेना. इस्पितळाच्या व्हरांड्यातला फिनेलचा वास मात्र आठवला. असे आणखी किती निकाल त्या वहीत असतील, सांगता येत नाही.

आठवड्याने काकूंचा फोन आला. दोन मराठी शब्दांचे अर्थ विचारायचे होते. मी ते सांगितले आणि हिरवं पुस्तक वाचताय का, ते विचारलं.

‘हौ, चाळीस पानं झाली,’ त्या म्हणाल्या. ‘काल एकटीच हसली मी.’ मग थोड्या थांबून, ‘एवढं हसाचं पुस्तक, अन् त्यायनं वाचलंच नाही.’