पोपचं सुतक

पोप गेले त्या दिवशी संध्याकाळी दुबईतल्या आमच्या करामाच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण, हातात झाकलेलं पातेलं. चेहरा इतका उतरलेला की मला वाटलं, हिच्याकडेच कुणी गेलं की काय!

"आज चूल पेटवली नसशील," ती हळूच म्हणाली. "पिठलं-भात आणलाय. पोरीला वाढ, तूही दोन घास खा. किती दिवसांचं असतं गं तुमच्यात?"

"काय?"

"सुतक."

कप्पाळ माझं! बाई पुण्याची, एमकॉम, बँकेत मॅनेजर. इतकी वर्षं समोरासमोर राहतोय, दर नाताळात माझ्या करंज्या चापते, आणि अजून हिच्या डोक्यात आम्ही पोपचेच. चूक तिची एकटीची नाही म्हणा. दुबईत 'मी ख्रिश्चन' म्हटलं की समोरचा विचारतो, "गोवा?" नाही. "केरला?" नाही. मराठी माणूस असेल तर जरा हुशारीनं विचारतो, "वसईच्या का?" तेही नाही. मग तो माझ्याकडे असा बघतो, की मीच काहीतरी लपवतेय.

आम्ही नगरकडचे अँग्लिकन. कुणे एके काळी इंग्रजांच्या राजानं पोपशी भांडून वेगळी चूल मांडली. त्या चुलीचा विस्तव मिशनरी आमच्या पणजोबांपर्यंत घेऊन आले, आणि आता ही बया मला सांगत होती की आज चूल पेटवली नसशील. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून लेक ओरडली, "मम्मा, जस्ट से थँक यू! आय ॲम हंग्री!" मी थँक यू म्हटलं. पिठलं झकास झालं होतं. राजाचं आणि पोपचं भांडण त्या रात्रीपुरतं मिटलं.

इथं आमच्या चर्चच्या कंपाउंडची भिंत ओलांडली की कॅथलिकांचं चर्च आहे. तिथं सणाच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, रस्त्यावर पोलीस उभे करावे लागतात. आमच्या बाजूला ज्याला त्याला एकेक खोली: तमिळ, मल्याळी, उर्दू, फिलिपिनो. मराठी खोली कोपऱ्यात, एसीच्या मशीनमागे. आमचा इतिहास म्हणाल तर एवढाच, की फुजैराच्या बंदरात स्टोअर सांभाळणाऱ्या एका काकांनी आपल्या फ्लॅटमध्ये मराठी उपासना सुरू केली, आणि मग हातापाया पडून ही खोली मिळवली. तेव्हा इथं सुट्टी शुक्रवारची, म्हणून इथला रविवार शुक्रवारी यायचा. पुढे सरकारनं सुट्टी बदलली आणि रविवार आपल्या जागी गेला. काका मात्र जो वार असेल त्या वारी, बसनं, मांडीवर पेटी घेऊन डोंगरापलीकडून यायचे. ती पेटी गणपतीत मराठी मंडळाच्या आरतीलाही वाजायची, कारण अख्ख्या मंडळात सूर धरणारा दुसरा माणूस नव्हता. यावर कुणी नाक मुरडलं की काका म्हणायचे, "पेटीला कुठं बाप्तिस्मा दिलाय?"

माणसं गळत गेली. कुणाचा व्हिसा संपला, कुणी कॅनडाला गेलं. पोरं तर इंग्लिश सर्व्हिसलाच जाणार, तिथं गिटार असते. शेवटी चर्चच्या ऑफिसातल्या इंग्रज मॅडमनी गोड हसून सांगितलं, खोल्या कमी आहेत, येत्या रविवारी मी येऊन बघीन, माणसं नसतील तर मराठी उपासना इंग्लिशमध्ये मिसळून टाकू. नेमका तोच काकांचा शेवटचा रविवार. नोकरी संपली होती, मंगळवारचं विमान होतं. "माझ्यामागं एवढं बंद पडू देऊ नका," एवढंच ते म्हणाले.

मी आमच्या उपासनेच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'रविवारी काकांना निरोप. सर्व मंडळीने अगत्याने उपस्थित राहावे.' आता आमच्यात मंडळी म्हणजे चर्चची माणसं. बाकीच्या मराठीत मंडळी म्हणजे कुणीही: लग्नाला आलेली, चहाला बसलेली, जुन्या लोकांच्या तोंडी तर स्वतःची बायकोसुद्धा. शेजारणीला मी तो मेसेज दाखवला, कारण त्या संध्याकाळी तिचा चहाचा थर्मास हवा होता. बाईनं तो आपल्या फोनवर घेतला आणि सरळ गणपती मंडळाच्या ग्रुपवर ढकलला.

रविवारी बघते तर काय, दाराबाहेर चपलांचा ढीग! पैठण्या, झब्बे, शाल, नारळ, हार. अल क्वोजच्या लेबर कॅम्पमधली कोकणातली चार माणसं साइटवरून थेट आलेली. "अहो, आमचे पेटीवाले काका चाललेत, येणार नाही होय?" भजनाच्या चालीवरचं गीत काकांनी धरलं, तसं सगळं पब्लिक टाळ्यांवर डोलायला लागलं. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस वाटायच्या वेळी तर कहर झाला. सगळे ओळीनं पुढे, तीर्थाला करतात तशी ओंजळ करून. पाळक तमिळ, उसने आणलेले, मराठी रोमन अक्षरांत वाचणारे. ते घामाघूम, बाप्तिस्मा नसलेल्यांना भाकर द्यायची कशी? मी कानात सांगितलं, "डोक्यावर हात ठेवा, यल्ला, पुढचा!" त्यांनी हात ठेवला आणि पहिल्याच आजोबांनी वाकून त्यांचे पाय धरले.

मॅडम दाराशी उभ्या. डोळे पाणावलेले. "हे सगळे तुमचे?" त्यांनी विचारलं.

"सगळी आमचीच मंडळी," मी म्हटलं. देवाच्या घरात खोटं बोलले नाही.

काका मंगळवारी हसत गेले.

आणि मॅडमनी, भलं होवो त्यांचं, आमच्यावर उपकार केले. एवढी माणसं त्या खोलीत कोंबायची म्हणजे अन्याय, म्हणून आम्हांला मोठा हॉल दिला. पुढच्या रविवारी त्या हॉलमध्ये आम्ही सहाजण. पेटी नाही, काका नाहीत, आणि पाळकांचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येत होता. तोवर आमची जुनी खोली दुसऱ्यांना गेली होती. एक महिना मॅडमनी वाट बघितली. मग तेच गोड हसू, "मराठी उपासना आता इंग्लिशमध्येच." खलास. भीक नको, पण कुत्रं आवर म्हणायचीही सोय राहिली नाही.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात नुसती बसून राहिले. इतकी वर्षं त्या कोपऱ्यातल्या खोलीला नावं ठेवली, एसीच्या आवाजावर चिडले, आणि आता त्याच खोलीसाठी रडू आवरेना. गॅस लावायलाही हात उचलला नाही.

बेल वाजली. शेजारीण, पातेलं. "पोरीनं सांगितलं. मम्मा इज क्रायिंग, म्हणाली." सरळ आत आली, ताटं मांडली आणि पिठलं वाढायला लागली.

तेवढ्यात व्हिडिओ कॉल. काका. दर रविवारी उपासनेनंतर नगरहून करायचेच.

"काय गं पोरी, जमली का मंडळी?"

शेजारणीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि ताटांवरून फिरवला. "जमली ना काका! ही बघा, आत्ताच पानं घेतलीत."

काकांचा चेहरा उजळला. "वा! मग आधी प्रार्थना करून घ्या," ते म्हणाले, आणि तिकडं त्यांनी डोळे मिटले. दुबईतल्या मंडळीला सांभाळ, तिला वाढव, तिची ताटातूट होऊ देऊ नकोस, असं काय काय मागत राहिले. शेजारीण ओढणी डोक्यावर घेऊन, हात जोडून उभी होती.

मला आमेन म्हणवेना. ते तिनंच म्हटलं.